नवेगावच्या पाळीवरून

अर्जुनी मोरगाव
ऑगस्टचा पहिला आठवडा

ती. आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी ‘वाघ दिसला का मंग?’ एवढं विचारलं आणि इथली रेंज गेली. म्हणून हे पत्र. तसंही फोनवर सगळं आईच बोलते, बाबा नुसतं ‘हो हो, ठेव आता’ करतात. कागद तरी चष्मा लावून नीट वाचाल.

तर बाबा, आम्ही रविवारी नवेगावच्या तलावावर जाऊन आलो, पण वाघ नाही दिसला. दिसणारही नव्हता. जुलैपासून सप्टेंबर संपेपर्यंत जंगलातली सफारी बंदच असते, मातीच्या रस्त्यांवर जिप्सी फसतात. आणि समजा सुरू असती, तरी पावसाळ्यात जनावर दिसणं कठीणच. उन्हाळ्यात त्याला पाणवठ्यावर यावंच लागतं, म्हणून तर बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून मोजणी करतात. आता खड्ड्याखड्ड्यात पाणी आणि कमरेएवढं गवत, मग ते कशाला येतं रस्त्यावर? हे सगळं मी धाकट्या चिनूला सांगून पाहिलं. पण शाळेत तिला कुणीतरी सांगून ठेवलेलं, की २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्याच्या जंगलात आणून सोडल्या. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ पासून एकच व्याघ्र प्रकल्प आहे, हे मीच तिला बोलून बसले. झालं. दोघींपैकी एक तरी तिला भेटायला येणारच, अशी तिची खात्री.

‘पान्यापावसात पोट्टे घिऊन कायले जाता?’ असं तुम्ही म्हणाला होतात, तेही आठवत होतं. पण इथे झड लागली की आठ-आठ दिवस उघडत नाही. पोरांना घरात किती कोंडायचं? मोठा मोबाइलमधून मान वर काढत नाही, आणि यांना रविवारचीच सुटी. शेवटी डब्यात पोळ्या आणि तिखट बेसन घेतलं, छत्र्या घेतल्या आणि निघालो.

रस्त्यात दोन्ही बाजूंना धानाची रोवणी चालू होती. आई, तुला हे पाहायला फार आवडेल. आपल्याकडे कपाशीला डवरे चालू असतील, इथे बाया ओणव्याने गुडघाभर चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावतात, डोक्यावरून प्लास्टिकची खोळ आणि तोंडाने गाणं. ‘वावर’ म्हटलं तर इथले लोक ‘बांधी’ म्हणून दुरुस्त करतात. बाबांना इथलं पाणी पाहून झोप लागायची नाही. आपल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि इथे गावोगाव मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले! नवेगावचा तलाव तर कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असं सांगतात. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. त्या दिवशी ढग इतके खाली आले होते, की मला चारच मोजता आल्या. मारुती चितमपल्ली वन खात्यात असताना याच जंगलात राहिले होते. बाबांना पक्ष्यांचं एवढं नसलं, तरी हे नाव नक्की माहीत असेल.

गाडी लावून पाळीने, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालायला लागलो. पहिला अर्धा तास नुसती कुरकुर. मग मोठ्याला दोन झुडपांमध्ये बांधलेलं कोळ्याचं जाळं दिसलं, चांगलं हातभर रुंद. पावसाचे थेंब धरून ते इतकं ताणलं होतं की आता तुटतं असं वाटावं. मधोमध तळव्याएवढी काळी-पिवळी मादी, आणि कडेला तिच्यापुढे काहीच नाही असा बारका नर. ‘हे पप्पा,’ चिनू म्हणाली. यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण खरी गोष्ट पुढेच. तिथे मासे धरणारे एक काका डोंगा काठाला लावून विडी पेटवायच्या खटपटीत होते. ओल्या काडीने पेटेना, म्हणून बहुधा त्यांना आमच्याशी बोलायला वेळ होता. त्यांनी पाण्यावरच्या पानांकडे बोट दाखवलं. कमळपक्षी! पांढरं तोंड, मानेमागे हळदी पिवळा पट्टा आणि लांब, वळलेली काळी शेपटी. ही शेपटी फक्त विणीच्या दिवसांत असते, हिवाळ्यात याल तर दिसायची नाही. पायाची बोटं इतकी लांब की अंगाचा भार पसरतो आणि तो पानांवरून खुशाल चालतो.

तो पानांवरच बसला होता, अंड्यांवर. काका म्हणाले, ‘हा नर आहे. मादी अंडी देते अन् जाते, दुसऱ्या नराकडे. उबवणं याचंच, पिल्लं पाहणंही याचंच.’ यांनी घरी येऊन पुस्तकात पाहिलं, अगदी तसंच आहे. पाऊस वाढला तसे त्याने पंख जरा सैल केले आणि एक अंडं बाजूला सरकलं होतं ते हनुवटीने छातीखाली ओढून घेतलं. मग पुन्हा हललाच नाही. आम्ही दुर्बीण फिरवून फिरवून पाहिलं. चिनू वाघिणीला विसरली.

मला मात्र बाबा आठवले. आईची रात्रपाळी असायची तेव्हा तुम्ही आमच्या वेण्या घालायचात. भांग नेहमी वाकडा, रिबिनीची गाठ अशी की सोडवताना कात्री लागायची. आत्या म्हणायच्या, ‘बापाले काय बायकांचे कामं सांगतं घर!’ तुम्ही कधी उत्तर दिलं नाहीत. भाजीला फोडणी घालत राहायचात. त्या दिवशी पाळीवर उभी राहून मी हे पोरांना सांगितलं, तर मोठ्याने विचारलं, ‘आबांना वेणी येते?’ बाबा, त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवा एकदा. आईच्या केसांची घालून दाखवा.

सारस पक्षी मात्र पाहायचा राहून गेला. महाराष्ट्रात तो मुख्यतः आमच्या या गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, आणि याच दिवसांत धानाच्या बांधीत घरटं करतो. शेतकरी त्याच्या घरट्याभोवतीचा तुकडा तसाच ठेवतात, असं ऐकलंय. त्यासाठी गोंदियाजवळच्या परसवाड्याकडे जायला हवं.

तिकडे आपण सगळे मिळूनच जाऊ. दिवाळीत या, असं दर वेळी म्हणते, पण या वर्षी रोवणी आटोपली की लगेच या. विदर्भ एक्स्प्रेस बडनेऱ्याहून थेट गोंदियाला येते, हे स्टेशनवर गाडी घेऊन येतील. बाबांच्या गुडघ्याची काळजी नको, पाळीवर चढ नाही आणि बसायला जागा आहे. सध्या बाजारात सात्या, म्हणजे पावसाळ्यातल्या रानअळंब्या, आल्यात, आईच्या हातची भाजी खायची आहे. येताना ज्वारीचं पीठ आणा, इथे तांदूळ खाऊन खाऊन जीव उबगलाय. आणि आई, बीपीची गोळी पर्समध्येच ठेव, बॅगेत नको.

तुमची,
बेबी