पाकिटावरचं नाव

ती. आई व बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल रात्री आईने पत्रिकांच्या पाकिटांचा फोटो पाठवला. पाकिटं छान आहेत. रंग जरा गडद झालाय, पण आता छापून आलीच आहेत, तर त्यावर बोलत नाही. बोलायचंय ते पाकिटांशेजारी पडलेल्या यादीबद्दल. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर बाबा "बरं बरं" म्हणतात आणि मनातलं तेच करतात. कागदावर असलं की निदान चष्मा लावून वाचतात.

यादी माझ्या लग्नातलीच आहे ना? कडेच्या आईच्या टिकांवरून ओळखली. नऊ वर्षं झाली तिला. त्यातली सहा माणसं आता नाहीत, दोन जोडपी वेगळी झालीत, आणि तेव्हाचे 'चि.' आता स्वतःची मुलं शाळेत सोडायला जातात. धाकट्याच्या लग्नाला ही यादी जशीच्या तशी उतरवू नका. एकदा बसून प्रत्येक नाव मोठ्याने वाचा. कुठे अडखळलात की तिथे काहीतरी बदललंय असं समजा.

एक गोष्ट तुम्हाला आजवर सांगितली नव्हती. माझ्या लग्नाच्या वेळी थोरले काका जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाबांनी थोरल्या काकूंच्या पाकिटावर रेखीव अक्षरात 'गं. भा.' लिहिलं होतं. गंगाभागीरथी. बाबांना लहानपणी तसंच शिकवलेलं, त्यात आदरच होता, हे मला माहीत आहे. काकू लग्नाला आल्या, दिवसभर राहिल्या. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझ्या बाबांचं अक्षर अजून सुंदर आहे गं. पण तीस वर्षं शिकवलं मी. मस्टरवर रोज माझं नाव लिहिलं. पाकिटावर तेवढंच पुरलं असतं." रागावल्या नव्हत्या. पण माझ्या ते डोक्यातून गेलं नाही.

म्हणून या वेळी काकूंच्या पाकिटावर त्यांचं पूर्ण नाव आणि पुढे 'यांस', बस्स. 'श्रीमती' लिहावं का, असं आई विचारेल. सरकारी कागदांत 'श्रीमती' कुठल्याही बाईला चालतं, पण आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कित्येक जणी तो शब्द 'नवरा गेलेली' असाच वाचतात. त्यामुळे तो लिहिला तरी पंचाईत, आणि सवयीने 'सौ.' पडलं तर त्याहून मोठी. माझं मत विचाराल तर जिथे शंका, तिथे उपाधी गाळा. उपाधी नाही म्हणून रुसलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही. चुकीची लावली म्हणून रुसलेले मात्र बोटांवर मोजून दाखवीन.

आत्याचं तर फारच झालं. यादीत अजून 'सौ.' आणि जुनं आडनाव! वेगळी होऊन पाच वर्षं झाली तिला. बाबा, तुम्ही तिचे मोठे भाऊ, तुम्हीच फोन करा आणि सरळ विचारा, "पाकिटावर नाव काय लिहू?" विचारण्यात कमीपणा नाही. आणि विचारणं अवघड वाटत असेल तर दारावरची पाटी आठवायची. आपल्याला काय म्हणायचं ते माणसाने तिथे स्वतःच लिहून ठेवलेलं असतं. तिच्या आधीच्या यजमानांनाही बोलवायचं ठरलंच, तर त्यांचं पाकीट वेगळं.

समोरच्या डॉक्टरांचं 'डॉ. व सौ.' केलंय. आई, तुझा गुडघा कोण बघतं? मग त्यांच्यामागे 'डॉ.' कोण लावणार? दोघांची नावं लिहा, दोघांच्या मागे 'डॉ.' लावा. खरं तर सगळ्याच जोडप्यांच्या पाकिटावर बाईचं नावही लिहावं असं मला वाटतं. 'श्री. अमुक व सौ.' म्हणून तिला नुसतं टांगून ठेवायचं, हे वाचायलाही अर्धवट वाटतं. पण दोनशे पाकिटांवर हे होणार नाही, कळतंय मला. निदान ज्या बायका आपल्या ओळखीमुळे येणार आहेत, आईच्या भिशीतल्या, माझ्या मैत्रिणी, तिथे आधी तिचं नाव, मग नवऱ्याचं.

आता 'सहकुटुंब सहपरिवार'. मला लहानपणी वाटायचं, एकच गोष्ट दोनदा का लिहितात? मग आजोबा "आमचं कुटुंब माहेरी गेलंय" म्हणाले की आजी एकटीच गेलेली असायची, तेव्हा उलगडा झाला. जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको. म्हणजे तो शिक्का बायकोसह आणि घरच्यांसह या असं म्हणतो. तुम्ही बनवून घेतलेला रबरी शिक्का सरसकट सगळ्या पाकिटांवर मारलात, तर तो बाबांच्या ब्रह्मचारी मित्रावरही पडेल आणि आईच्या बँकेतल्या मॅडमवरही. मॅडम हसतील. बाबांचे मित्र हसतील की नाही, सांगता येत नाही.

मामांकडे एका छताखाली दोन चुली आहेत, तेव्हा दोन पाकिटं. भाचा कमावता झालाय, त्यालाही वेगळं द्या. एक पाकीट जास्त गेलं तर गेलं.

टपालाने जाणारी पाकिटं यंदा तीसेकच आहेत. त्यांवर बाहेर नातं लिहू नका. 'ती. दादा-वहिनीस' वाचून पोस्टमनने कुणाचं दार ठोठवायचं? नातं आत, नाव बाहेर. बेळगावपलीकडे जाणाऱ्यांचा पत्ता इंग्रजीतही लिहा. आणि पिनकोड सुटू देऊ नका. बाबांना आवडेल म्हणून सांगते: ही पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, म्हणजे आपल्याच मराठी माणसाने. टपालखात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतचे कवीसुद्धा. सहा आकड्यांतले शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिस सांगतात, त्यामुळे गल्लीचं नाव चुकलं तरी पाकीट निदान योग्य ऑफिसात पोचतं. मागच्या बाजूला आपला पत्ता हवाच. परत आलेलं पाकीट म्हणजे घर बदलल्याची बातमी, लग्नाआधी कळलेली बरी.

वजनही बघा. पत्राचं टपाल वीस-वीस ग्रॅमच्या टप्प्याने वाढतं आणि आपली पत्रिका चांगली जाड आहे. तिकीट कमी पडलं तर पैसे ज्याला बोलावलंय त्याच्याकडूनच मागतात. पूर्वी बाबा पत्रिका बुकपोस्टाने पाठवायचे ते आठवतं. चिकटवायचं नाही, झाकण नुसतं आत खोचायचं, म्हणजे आत छापीलच आहे हे खात्याला उघडून बघता यावं. आत दोन ओळी हाताने लिहायची सोय नव्हती त्यात, आणि आईची तर दर वेळी तीच चिडचिड. या वेळी लिही गं, पोटभर लिही.

राहिलं स्टिकरचं. बाबांचं म्हणणं, सगळं कॉम्प्युटरवर काढू. मला आधी ते अजिबात पटलं नव्हतं. मग मागच्या महिन्यात त्यांना चेकवर सही करताना पाहिलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. तेव्हा असं करू: पत्ते स्टिकरवर, नाव हाताने. नाव आई लिहील, दिवसाला वीस, आणि उरलेली मी. फक्त बॉलपेन वापरू नका. या कागदाला चकाकी आहे, शाई वाळत नाही. फोटोतल्या वरच्या पाकिटावर 'श्री.'वरून अंगठा फिरलेला दिसतोय, वेलांटी पार कडेपर्यंत गेलीय. या गडद रंगावर सोनेरी जेल पेनही नको, दिव्याखाली झळकतं पण जिन्यात वाचता येत नाही. मी पांढरी पेनं घेऊन शनिवारी येते.

आणि हो, पंचवीस पाकिटं कोरी ठेवा, पण ती घरीच. कुणाच्या दाराबाहेर चपला काढता काढता, पाकीट गुडघ्यावर ठेवून नाव लिहायचं नाही. गेल्या खेपेला बाबांनी ते केलं होतं आणि दार मध्येच उघडलं होतं.

तुमची,
मोठी

ता. क. बिल्डिंगच्या वॉचमनकाकांचं पूर्ण नाव विचारून ठेवा. बारा वर्षं झाली, आपल्या घरात कुणालाच माहीत नाही.