आनंदबाजार भरला, पण हिशोबाचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जानेवारीत आपल्याकडे बऱ्याच शाळांत आनंदबाजार भरतो, पोरं भेळ, मेथीच्या जुड्या, बोरं घेऊन बसतात, मला हा उपक्रम मनापासून आवडतो. पण बाजार उठला की विषय तिथंच संपतो, याचं खूप वाईट वाटतं.

माझ्या सहावीतल्या पुतण्याने यंदा लिंबू सरबत विकलं, १० रुपयाला ग्लास, ३८ ग्लास गेले. घरी सगळे म्हणाले वा, ३८० रुपये कमावले! मी त्याला वही घेऊन बसवलं. लिंबं १०० ची, साखर ४५, बर्फ ३०, कागदी ग्लास ५०, म्हणजे २२५ तर आईनेच घातले होते. तीन ग्लास मित्रांना उधार, म्हणून गल्ल्यात ३५०. आईचे पैसे परत दिल्यावर हातात राहिले १२५ आणि ३० यायचे बाकी. पोरगं जरा हिरमुसलं, पण पाच मिनिटांनी स्वतःच म्हणालं, काका पुढच्या वेळी घरचे स्टीलचे ग्लास नेतो, ५० वाचतील. भांडवल, उधारी, नफा सगळं त्याला त्या एका पानावर कळलं, धडा वाचून नसतं कळलं.

मग त्याच्या नावाने खातं काढायला एका बँकेत गेलो तर काउंटरवरून सांगितलं अठरा पूर्ण झाल्यावर या. खरं तर दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं उघडून चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेने २०१४ पासूनच परवानगी दिलीय, एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या सुधारित सूचनाही काढल्यात, मर्यादा किती ठेवायची ते बँकेने ठरवायचं. शेवटी पोस्टात गेलो, तिथे ५०० रुपयांत खातं निघालं, त्याचे १२५ आणि बाकीचे आजीने दिवाळीला दिलेले. फॉर्मवर सही त्याने स्वतः केली, चार वेळा कच्च्या कागदावर गिरवून मग.

आमच्या लहानपणी शाळेत संचयिका होती, दर आठवड्याला रुपया-दोन रुपये भरायचे आणि पासबुकावर बाई सही करायच्या. ती आता फारशी दिसत नाही, आणि इकडे मुलांच्या हातात आईबाबांचा मोबाईल, स्कॅन केलं की पैसे गेले, नोट हातातून जाताना दिसतच नाही त्यांना, म्हणून तर संचयिकेची गरज तेव्हापेक्षा आज जास्त आहे असं मला वाटतं.

शिक्षकांवर आधीच कामाचा भार आहे हे मान्य, नवीन विषय नकोच. फक्त बाजाराची तारीख ठरवतानाच दुसऱ्या दिवशीचा गणिताचा तास हिशोबासाठी राखून ठेवा, आणि पालकांनी सामान आणून देताना बिल मुलाच्या हातात द्यावं, एवढीच विनंती.

आपला,
एक पालक, फलटण