धूर दिसला म्हणून ऑइल कमी करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवरचा लेख वाचला. यामाहाच्या आरएक्स हंड्रेडचं कौतुक वाचून बरं वाटलं. कोल्हापुरात त्या गाडीला नावं ठेवणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण शेवटच्या चौकटीत ‘धूर येत असेल तर पेट्रोलमधलं ऑइल निम्मं करा आणि मेन जेट एक नंबर लहान टाका’ असा सल्ला छापलाय (मेन जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक), तो वाचून हात कपाळावर गेला. मी शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग-होनिंग करतो, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणं आणि घासून नीट करणं. हल्ली पोरं डर्ट बाइकची इंजिनं खोक्यात भरून आणतात, पार पाचशे सीसीपर्यंतची. त्या इंजिनावर ही चौकट वापरली तर पिस्टन गेलाच म्हणून समजा.

आरएक्सला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप. तो काढून टाकणारे महाभाग आहेत, त्यांचं सोडा. शर्यतीच्या गाडीला पंप नसतोच, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. दोन्ही एकाच जेटच्या भोकातून जातात. ऑइल कमी केलं की तेवढी जागा पेट्रोल घेतं, म्हणजे इंजिन उलट थोडं रिच होतं (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) आणि प्लग आणखी काळा पडतो. मग पोरगं जेट लहान करतं. धूर थांबतो, गाडी हलकी पळते, दोस्त म्हणतात ‘नाद खुळा’. आत कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग कोरडं पडलेलं असतं आणि पिस्टनचा माथा तापत असतो. एका लिटर पेट्रोलला 25 मिली ऑइल म्हणजे चाळीसास एक. मोठं इंजिन जोरात पळवायचं असेल तर मी 31 मिलीच्या, म्हणजे बत्तीसास एकच्या, खाली कुणाला येऊ देत नाही.

मुळात धूर कुठून येतो ते आधी बघावं. क्लचच्या बाजूचा क्रँकचा सील (क्रँकशाफ्टभोवतीची रबरी कडी) गेला की गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर सुटतो. गिअर ऑइलची पातळी उतरत असेल तर कार्बोरेटरला हात लावायचं कारणच नाही. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला तर त्याहून वाईट. तिथून नुसती हवा आत जाते, धूर काही दिसत नाही, अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा वेग खाली उतरत नाही. म्हणून इंजिन बांधल्यावर मी सायलेन्सरचं आणि कार्बोरेटरचं तोंड बंद करून सहा पीएसआय दाबाची हवा भरतो आणि दाबाचा काटा बघत बसतो. काटा हलला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधायची. जेटिंगचं, म्हणजे जेट जुळवण्याचं, बोलणं त्यानंतर.

सिलिंडरचंही तेच. आरएक्सचा लायनर बिडाचा, ओव्हरसाइज पिस्टन आणला की बोअर करून मोकळं. बऱ्याच मोठ्या डर्ट बाइकच्या अॅल्युमिनियम सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर असतो, जेमतेम दोन-तीन थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). त्यावर बोअरिंग बार चालवला की थर संपला, खाली उघडं अॅल्युमिनियम. तो पुन्हा चढवून घ्यावा लागतो, आणि होनिंगलाही हिऱ्याचे स्टोन लागतात. ‘काय व्हायचं ते होऊ दे, टाका बोअर’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सिलिंडर तसाच परत देतो.

जेटिंगचं खरं गणित हवेचं आणि पेट्रोलचं. एप्रिलच्या दुपारी बरोबर बसलेला जेट डिसेंबरच्या सकाळी लीन पडतो (हवेच्या मानानं पेट्रोल कमी), कारण थंड हवा दाट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. गाडी घेऊन कोकणात वाळूवर खेळायला उतरलात तर मेन जेट एक नंबर मोठाच लागेल. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या मॅन्युअलमधला जेट आज लीन आहे. (ऊस आपलाच, तक्रार तरी कुणाकडं करायची?) गाडी पायलट जेट (अॅक्सिलरेटर जवळपास बंद असताना पेट्रोल देणारा), नीडलची क्लिप (मधल्या टप्प्यासाठी), मेन जेट (पूर्ण उघडल्यावर) या क्रमानं लावावी, अॅक्सिलरेटर पाव उघडल्यावर घुटमळते म्हणून मेन जेट बदलण्यात अर्थ नाही. सुरुवात कायम मोठ्या जेटनं करून एकेक नंबर खाली यावं. रिच गाडी फार तर प्लग खाते, लीन गाडी पिस्टन खाते.

आणि गगनबावड्याचा घाट उतरताना अॅक्सिलरेटर बंद करून इंजिनावर गाडी सोडू नये. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि आत पिस्टन जोरातच फिरतोय. मधून मधून क्लच दाबून अॅक्सिलरेटर थोडा द्यावा.

लेखाबद्दल तक्रार नाही, लेखकाला गाड्यांची माया दिसते. पण त्या चौकटीची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या टाइपात छापावी, एवढी विनंती.

आपला,
एक बोअरिंगवाला
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर