कार्ड पाठवतेय, सोबत हे

प्रिय शालू,

परवा फोनवर तू त्या पोरीचं नाव आणि तिच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा नंबर लिहून घेतलास. मागे ओपीडीचा गलका चालला होता म्हणून लगेच ठेवावा लागला. सात महिन्यांनी फोन केला, तोही कामाचा. रागावली असशील तर तुझा हक्क आहे. तिचं गरोदरपणाच्या तपासणीचं कार्ड कुरिअरनं पाठवतेच आहे, तर जे फोनवर बोलता आलं नाही ते लिहिते. माझी शुगर ठीक, गुडघा आहे तसाच.

वरच्या वस्तीवरची ही पोर. दुसरं बाळंतपण, सातवा महिना, हिमोग्लोबिन 6.4. सातच्या खाली गेलं की गोळ्यांवर भागत नाही, तुला काय सांगायचं! रक्त चढवायला न्यायचं म्हणून गुरुवारी 102 ची अँब्युलन्स सांगून ठेवली होती. मंगळवारी रात्रीच टोळीचा ट्रक भरला आणि तुझ्या शिरोळकडे गेला. बुधवारी सकाळी आशाताईंचा फोन, "मॅडम, सासू एकटीच आहे घरी."

मी तशीच गेले. म्हातारीनं देवळीतून कार्ड काढून दिलं, आणि कार्डामागून गोळ्यांच्या पट्ट्या खाली पडल्या. रबर लावून नीट बांधलेल्या. एका पट्टीतल्या दोनच गोळ्या कमी होत्या. आपल्या रजिस्टरला मात्र 90 गोळ्या दिल्याची नोंद आहे, आणि तपासल्याची सही माझी आहे.

म्हातारीजवळ बसले तेव्हा कळलं. गोळीनं पोरीला मळमळायचं. वर कुणीतरी सांगितलेलं, गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि अडतं. दोन भेटींत ती हे मला बोलली नाही. बोलणार कधी? मीच बोलत होते. चहाबरोबर गोळी घेऊ नको, लिंबू पिळ, शेवग्याची भाजी कर, शौचाला काळं झालं तर घाबरू नको. सगळं बरोबर सांगितलं गं. फक्त "ट्रक कधी आहे?" हे विचारलं नाही. दसरा होऊन गेला होता आणि बीड जिल्ह्यात वीस वर्षं नोकरी करणाऱ्या मला ते सुचलं नाही.

विचारलं असतं तर ती थांबली असती असं नाही. आगाऊ पैशांची उचल नवऱ्यानं घेतलेली, आणि ऊसतोडीत नवरा-बायको दोघांचा मिळून एक कोयता धरतात. ती राहिली तर कोयता अर्धा. पण सोमवारीच नेता आलं असतं की! रात्री अंग टाकलं की हा सोमवारच डोळ्यांपुढं येतो.

2019 चं आपलं भांडण आठवतं? गर्भपिशवीच्या ऑपरेशनचा सर्व्हे. तू एकेका घरात पाऊण तास बसायचीस आणि मी ओट्यावरून ओरडायचे, अजून चाळीस घरं राहिलीत. तू म्हणालीस, "फॉर्म तू भर, बाईचं मी ऐकते." पंधरा दिवस अबोला धरला होता मी. पण अशाच एका घरातल्या बाईनं तुला सांगितलं ना, की उसाच्या फडावर पाळीत खाडा पडला तर पैसे कापतात, म्हणून पिशवीच काढून टाकली. फॉर्मात त्याला रकानाच नव्हता. तुझं बरोबर होतं, शालू. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

ट्रेनिंगला गृहभेटीच्या सरावात तू सासू झालीस आणि मला उंबऱ्यावरूनच हाकललंस, तेव्हा मॅडमसुद्धा पोट धरून हसल्या होत्या. तशी सासू अजून एकाही वस्तीवर भेटली नाही मला!

मुकादमाला मीही फोन केला होता. म्हणाला, "चांगलीय की ती, मोळ्या वाहतीय." 6.4 वर मोळ्या.

भावजींच्या बदलीचं काय झालं? चिंगीची बारावी ना यंदा? तिला म्हणावं, मावशीला फोन कर. शिरोळचं पाणी आता बाधत नाही ना?

फडावर जाशील तर संध्याकाळी जा, दिवसा कोपीवर, त्यांच्या झोपडीत, लेकरंच असतात. चहा देतील तो घे, मग बस. तुला ते येतं. थोरली दीड वर्षाची आहे, तिचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिलाय, तोही बघ. आणि रक्त चढवलं की आकडा कळव, रात्री कितीही वाजू देत.

तुझी,
मंदा