चालकाचे तास भराईपासून मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महामार्गावर ट्रक उलटला की ‘चालकाला डुलकी लागली’ एवढ्या ओळीवर बातमी संपते. गाडी सुटण्याआधी तो माणूस किती तास जागा होता, हे कुणी विचारत नाही. मग दोन दिवस मागणी होते की चालकांना विश्रांतीची सक्ती करणारा नियम हवा. नियम साठ वर्षांहून जुना आहे. तो मोडतो ते माल भरायच्या जागेवर, गाडी रस्त्याला लागण्याच्या कितीतरी आधी. खान्देशातल्या केळी, कापूस आणि पपईच्या वाहतुकीत हे रोज घडते, म्हणून हे पत्र.

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ९१ चालकाच्या कामाच्या तासांसाठी १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याकडे बोट दाखवते. तो कायदा आता २०२० च्या एका संहितेत सामावला आहे, त्याबद्दल पुढे. त्यातले तासांचे गणित असे होते: दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम. लांब पल्ल्यासाठी मंजुरी घेऊन दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत जाता येई. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती. एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास सुटी. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कामाची सुरुवात ते शेवट, मधली विश्रांती धरून, बारा तासांच्या आत बसले पाहिजे. आठ तासांची मर्यादा बहुतेकांना ऐकून माहीत असते. बाराची मर्यादा मालकांनाही ठाऊक नसते, आणि चालकाचा जीव वाचवणारी तीच आहे.

कारण कामाच्या तासांच्या व्याख्येत एक फट आहे. गाडी चालवणे, भराई, खाली करणे, कागदपत्रे हे सगळे काम धरले जाते. पण ठिकाणावर नुसते हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच तो कामात मोजतात. म्हणजे चालक सकाळी नऊपासून बागेच्या बांधावर किंवा जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) फाटकाबाहेर ताटकळत बसला, तर कागदावर तो ताजातवाना. बारा तासांची मर्यादा ही फट बुजवते, कारण तिच्यात बसून काढलेला वेळही येतो.

केळीच्या गाडीचा दिवस पाहा. चालक सकाळी सहाला उठतो. रावेर किंवा यावल तालुक्यातल्या बागेवर गाडी लागते, मजूर घड कापतात, वाहून आणतात, पाला घालून थर रचतात. एक बाग पुरी पडली नाही की दुसऱ्या शेतावर जायचे. रात्री आठला ताडपत्री बांधून गाडी दिल्लीकडे निघते. अकरा वाजता चालकाला जागे होऊन सतरा तास झालेले असतात. सलग सतरा तास जागरणानंतर माणसाची सावधगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी मंदावते, हे झोपेवरच्या प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्याकडे दारू पिऊन गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे ०.०३ टक्के. थेंबभर न पिताही हा चालक त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो, आणि तेव्हा प्रवास जेमतेम सुरू झालेला असतो. पहाटे तीनला, एकविसाव्या तासाला, तो बऱ्हाणपूर-खंडवा मागे टाकून इंदूरच्या अलीकडे भेरूघाटाच्या आसपास येतो. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात शरीर झोपेची सगळ्यात जास्त मागणी करते. चार सेकंद डोळा लागला तर ६० च्या वेगाने गाडी ६७ मीटर पुढे गेलेली असते. घाटात तेवढी जागा कुठे असते?

तंबाखू, गुटखा, तोंडावर पाणी, मोठ्याने गाणी यांनी झोप हटत नाही, फक्त आपण जागे आहोत असे वाटत राहते. चहा-कॉफीचा उपयोग आहे, पण तो २० ते ३० मिनिटांनी दिसतो. म्हणून अर्ध्या तासाची विश्रांती घ्यायची ती अशी: गाडी लावली की आधी चहा, लगेच २० मिनिटे पडायचे, उठल्यावर दहा मिनिटे चालायचे, टायर, हब आणि दोर पाहायचे, मग निघायचे. पाऊण-एक तास झोपून लगेच स्टेअरिंगवर बसणे धोक्याचे, कारण गाढ झोपेतून उठल्यावर काही वेळ डोके जड राहते. आणि ही छोटी डुलकी रात्रीच्या झोपेची जागा घेत नाही. नऊ तासांची सुटी ती नऊ तासांचीच.

व्यापारी म्हणतात, माल नाशवंत आहे, गाडी थांबवता येत नाही. हा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. केळी हिरवी जाते. दिल्लीत ती पिकवण्याच्या चेंबरमध्ये चार-पाच दिवस राहणारच असते, त्यामुळे सकाळऐवजी दुपारी पोहोचली म्हणून भाव कोसळायचे कारण नाही. मालाला खरा धोका उष्णतेचा आहे. घड श्वास घेतात, त्यातून उष्णता निघते. गाडी चालती असली की वारा ती वाहून नेतो. गाडी भर उन्हात उभी राहिली की आतले थर तापतात, एखादा घड पिकू लागतो आणि त्याच्या वायूने शेजारचेही पिकू लागतात. म्हणजे मालाला सोसत नाही तो दुपारचा मुक्काम. रात्रीचा मुक्काम तुलनेने कमी बाधतो, आणि चालकालाही झोप रात्रीच हवी असते. इथे माल आणि माणूस दोघांचे हित एकाच बाजूला आहे, तरी गाड्या रात्रीच हाकल्या जातात.

हिशोब असा बसतो. भराई संध्याकाळी सातपर्यंत संपवायची, चालकाने नऊला झोपायचे, पहाटे पाचला गाडी सोडायची. सावदा ते दिल्ली अकराशे किलोमीटर धरा, भरल्या गाडीचा सरासरी वेग ताशी ४०. १९६१ च्या कायद्यातल्या लांब पल्ल्याच्या मर्यादेप्रमाणे एकटा चालक दिवसाला दहा तासांत ४०० किलोमीटर जातो आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पोहोचतो. दोन चालक असतील तर पहिला पहाटे पाच ते दुपारी दीड, दुसरा दीड ते रात्री दहा, दोघांनाही मध्ये अर्धा तास. दिवसाला ६४० किलोमीटर होतात, रात्री दहाला दोघे झोपतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी दिल्लीत असते. जीव धोक्यात घालून पळवलेल्या गाडीपेक्षा यात जातो तो साधारण पाऊण दिवस. राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दोन चालक असणे पूर्वी बंधनकारक होते, ती अट २०१८ मध्ये काढली गेली. आमच्या मते ती चूक होती. ५०० किलोमीटरपुढच्या नाशवंत मालाला ती परत लावावी.

ज्या मालाला ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागते त्याच्या बाबतीत तर कायदाही घाई करत नाही. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. कापसाच्या गाठी हजार किलोमीटर न्यायच्या तर पाच दिवस. एवढी मुभा असताना ‘परवा सकाळी माल हवा, नाहीतर भाडे कापू’ ही अट बिल्टीवर (मालासोबतच्या वाहतूक पावतीवर) लिहितो तो माल पाठवणारा.

झोपायचे कुठे, हा प्रश्न मोठा आहे. सुरत-धुळे-जळगाव-भुसावळ या महामार्गावर किंवा शिरपूर-पळासनेरकडे चालक गाडी लावतो ती ढाब्यासमोर, आणि कान जागेच ठेवतो, कारण डिझेल आणि ताडपत्रीची दोरी दोन्ही चोरीला जातात. उजेड, कुंपण आणि रखवालदार असलेली जागा मिळाली तरच झोप पुरी होते. काही पेट्रोल पंपांवर तेल कंपन्यांनी ‘अपना घर’ नावाने खाटा, न्हाणीघर आणि स्वयंपाकाची सोय केली आहे. मालकांनी फेरी ठरवतानाच मुक्काम तिथे धरावा. रस्त्याच्या कडपट्टीवर गाडी लावून झोपणे हा विश्रांतीचा मार्ग नाही. मागून येणारा दुसरा थकलेला चालक तिच्यावर आदळतो. गाडीखाली सावलीला झोपण्याची सवय तर तातडीने मोडली पाहिजे.

उन्हाळ्याचे वेगळे सांगायला हवे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या केबिनमध्ये दिवसा झोप लागणे अशक्य. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगले झाले. पण रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्यांना ती लागू नाही. त्यांच्या चालकाला दिवसा झोपावे लागू नये असेच वेळापत्रक आखावे लागेल.

अंमलबजावणीचे म्हणाल तर जादा वजनाला मोटार वाहन कायद्यात वीस हजारांपासून दंड आहे आणि वजनकाटे आहेत. जादा तास मोजायला असे काहीच नाही. युरोपात टॅकोग्राफ यंत्र साडेचार तासांनंतरची ४५ मिनिटांची विश्रांती नोंदवते. अमेरिकेत २०१७ पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकवर इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचे आहे. आपल्याकडे तेवढी वाट पाहायची गरज नाही. बिल्टीवर तीन वेळा लिहायच्या: चालक भराईच्या जागी हजर झाला ती, भराई संपली ती, गाडी सुटली ती. खाली माल पाठवणाऱ्याची सही. टोलनाक्यांवरच्या वेळा फास्टॅगच्या खात्यात आपोआप उमटतात. दोन्ही कागद शेजारी ठेवले की बारा तास कुठे ओलांडले हे पाच मिनिटांत कळते. कामाच्या तासांची नोंद ठेवायला लावण्याचा अधिकार कलम ९१ मध्येच आहे.

लहान मालकांचा प्रश्न उरतो. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. तो ज्या संहितेत सामावला, त्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत ही मर्यादा दहावर गेली. खान्देशातला बहुतेक वाहतूकदार एक-दोन गाड्यांचा धनी, कित्येकदा स्वतःच चालक. त्याला संहितेचा आधार नाही, आणि कलम ९१ देखील गाडी चालवण्यासाठी नेमलेल्या माणसाबद्दल बोलते. या लोकांसाठी तासांचे बंधन परवान्याच्या अटींत घालावे, म्हणजे गाडी कुणाचीही असो, ते लागू होईल.

तोवर रावेर, सावदा, फैजपूर, चोपडा इथल्या व्यापाऱ्यांनी आणि बाजार समित्यांनी एवढे तरी करावे: भराईसाठी गाडीला तासाची ठरावीक वेळ द्यावी, चार तासांपुढे ताटकळल्यास चालकाला खोटी (खोळंब्याची भरपाई) द्यावी आणि तिथेच पंखा, पाणी, शौचालय असलेली एक खोली मोकळी ठेवावी. भराई रात्री आठनंतर संपली, तर गाडी पहाटेपर्यंत सोडू नये.

— मालवाहतूक व्यवसायातील काही वाचक,
सावदा (ता. रावेर, जि. जळगाव)