कार्बोरेटर बदलण्याआधी चोक ओढून बघा

महोदय,
स.न.वि.वि.

पाऊस लागला की निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या गॅरेजांत जुन्या पेट्रोल गाड्यांची एकच तक्रार येते. गाडी स्लोवर (उभी असताना, ॲक्सिलरेटर न दाबता) थरथरते, ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर गप्प बसते आणि मग झटका मारून सुटते. गाडी बहुधा मारुती ८००, ओम्नी नाहीतर झेन. उत्तरेही दोनच ठरलेली: ‘कार्बोरेटर (पेट्रोलात हवा मिसळणारा भाग) गेला’ किंवा ‘पेट्रोलात इथेनॉल आहे, त्याला कोण काय करणार?’ पुष्कळदा तपासणी न करताच ही उत्तरे दिली जातात. मग नवा कार्बोरेटर बसवूनही गाडी तशीच थरथरते आणि भुर्दंड मालकाला पडतो.

इथेनॉलचा दोष आहे, पण तो नेमका कुठे आहे ते समजून घ्यायला हवे. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुन्या कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोके) शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने केलेले असतात, त्यामुळे मिश्रण आठेक टक्क्यांनी पातळ पडते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. धडधाकट इंजिन तेवढे सोसते. ज्या गाडीचा एखादा पाईप आधीच हवा ओढत असतो, तिला मात्र हा फरक झेपत नाही. म्हणून इथेनॉलला शिव्या घालण्याआधी ती हवा कुठून शिरते ते शोधावे.

सुरुवात एका प्रश्नाने करावी: एकच सिलिंडर मेला आहे की सगळेच अशक्त आहेत? इंजिन गरम करून स्लोवर ठेवा आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढा. काढलेल्या वायरीत एक जादा प्लग बसवून तो इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवा, नाहीतर कॉइलवर (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागावर) ताण येतो. ज्या वायरीने आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. मग कार्बोरेटरला हातही लावू नका. प्लग, वायर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा. सगळ्या वायरींनी सारखाच फरक पडत असेल तर दोष मिश्रणात आहे.

मिश्रणाची सगळ्यात स्वस्त परीक्षा डॅशबोर्डवरच आहे. गरम इंजिन थरथरत असताना चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी खुंटी) हळूहळू अर्धा इंच ओढा. थरथर थांबली तर मिश्रण पातळ आहे: हवा शिरते आहे, नाहीतर जेट तुंबला आहे. इंजिन आणखी घुसमटले, धूर काळा आला, तर पेट्रोल जास्त जाते आहे. मग कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारे फ्लोट व नीडल व्हॉल्व्ह आणि एअर फिल्टर तपासा. या एका मिनिटाच्या परीक्षेने अर्धे काम होते, तरी ती क्वचितच केली जाते.

पातळ निघाले तर पाईप एकेक करून चिमटायचे. ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा) जाड पाईप पकडीने दाबल्यावर इंजिन शांत झाले तर बूस्टरचा पडदा फाटला आहे. तसेच पीसीव्हीचा (इंजिनातला धूर परत ओढून घेणारा) आणि डिस्ट्रिब्यूटरकडे (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे) जाणारा बारीक पाईप चिमटून बघा. हा बारीक पाईप तोंडाने ओढून जिभेने बंद करावा. ओढ टिकली नाही तर व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (ठिणगीची वेळ पुढे सरकवणारा) पडदा गेला आहे. तेव्हा स्लोही बिघडतो आणि पिकअपही. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीच्या) आणि कार्बोरेटरखालच्या गॅस्केटच्या सांध्यांवर ब्रशने थोडे इंजिन ऑइल लावा. सांधा क्षणभर बुजतो आणि आवाज बदलतो. गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती कृपा करून सोडावी, बॉनेटखाली भडका उडायला एक ठिणगी पुरते.

थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेची) दांडी हाताने हलवून बघा. ती खिळखिळी असेल तर तिच्या भोवतीनेच हवा जाते आणि कितीही ट्यूनिंग केले तरी स्लो बसत नाही. त्यासाठी नवा कार्बोरेटर कशाला? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत इतकी लेथ यंत्रे आहेत, पितळी बुश करून बसवता येतो.

व्हॅक्यूम गेज (इंजिनाची ओढ मोजणारे यंत्र) वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. तक्त्यांत निरोगी इंजिनाचे माप १७ ते २१ इंच पारा असे दिलेले असते, ते समुद्रसपाटीचे. दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी होतो. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, म्हणून इथे साडेचौदा ते साडेअठरा ठीक समजावे. आंबोली किंवा चोर्ला घाट उतरून कोकणात, गोव्यात गेलेल्या गाडीचे माप तिथे वाढलेले दिसेल, मिश्रणही किंचित पातळ होईल. पण नुसत्या उंचीच्या फरकाने गाडी झटके मारत नाही.

पाय देताच गप्प बसणाऱ्या गाडीत ॲक्सिलरेटर पंप (पाय देताच जादा पेट्रोल फवारणारा) बघा. इंजिन बंद, एअर क्लीनर काढलेला, टॉर्च आत. थ्रॉटल दाबताच पेट्रोलची सरळ, जोरकस धार लगेच आली पाहिजे. उशिरा आली किंवा नुसती ठिबकली तर पंपाचा पडदा कडक झाला आहे; इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही, ते इथे खरे ठरते. स्लो जेट तुंबला असेल तर मिक्स्चर स्क्रू फिरवूनही इंजिनाला काही फरक पडत नाही. तो स्क्रू आत टोकापर्यंत आवळू नका, सुईला चर पडतो. जेट तारेने कोरू नका, भोक मोठे होते. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब एवढेच वापरा.

पावसात ठिणगीही दगा देते. कणकुंबी-जांबोटीकडच्या सततच्या ओलीत डिस्ट्रिब्यूटर कॅपला आतून घाम सुटतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरींवर, कॅपवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर कॅप बदला, पुसून ती जात नाही. सीबी पॉइंटच्या (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या जुन्या पॉइंटच्या) गाडीत गॅप ०.४ ते ०.५ मि.मी. आधी करा आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नंतर, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकते. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मि.मी.

महिनोन्महिने दारात उभ्या राहणाऱ्या गाडीत पाण्याचा संशय आधी घ्यावा. इथेनॉल पाणी शोषते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात आणि इंजिनाला आधी तेच मिळते. पंपाकडे येणाऱ्या पाईपमधून काचेच्या बाटलीत लिटरभर काढून रात्रभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही.

एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्यांत चोक नाही, तिथे थ्रॉटल बॉडीतला काजळीचा थर आणि स्लो सांभाळणारा एअर व्हॉल्व्ह आधी साफ करावा. थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज मीटरवर हळूहळू, मध्ये न तुटता चढला पाहिजे. या गाड्यांत प्लगची वायर काढण्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढा.

आणखी एक पुरावा प्रत्येकाच्या गाडीतच पडलेला असतो. आपण ज्याला एमिशन म्हणतो आणि कोल्हापूरकडे पीयूसी म्हणतात, त्या प्रदूषण तपासणीच्या चिठ्ठीवरचे दोन आकडे. बीएस-२ (भारत स्टेज या प्रदूषण नियमांचा दुसरा टप्पा) पूर्वीच्या चारचाकीला स्लोवर कार्बन मोनॉक्साईड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम (दहा लाख भागांत १५००) ही मर्यादा आहे. बीएस-२ आणि ३ ला ०.५ टक्के आणि ७५०. कार्बन मोनॉक्साईड कमी पण हायड्रोकार्बन फार जास्त असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे: हवेची गळती किंवा ठिणगी चुकणे. दोन्ही जास्त असतील तर पेट्रोल जादा. केंद्रावर पास की नापास एवढेच न विचारता हे आकडे मागून घ्यावेत, आणि गाडी गरम करूनच तपासणीला न्यावी.

एवढे करून एकच सिलिंडर मेलेला राहिला तर कॉम्प्रेशन बघा: सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. दोन सिलिंडरांत दर चौरस सेंटीमीटरला एक किलोपेक्षा जास्त फरक नको. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकल्यावर माप वाढले तर दोष रिंगांत, न वाढले तर व्हॉल्व्हमध्ये.

सीमाभागातल्या गॅरेजवाल्यांना एक विनंती आहे. व्हॅक्यूम गेज आणि कॉम्प्रेशन गेज दोन्ही घ्या आणि बिलावर बदललेल्या भागांच्या शेजारी कामाआधीचे आणि नंतरचे माप लिहा. गाडीमालकांनीही ते मागावे.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव