सही रुग्णाची, नातेवाइकांची नव्हे

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही कोण करतो, हे एकदा नीट पाहावे. बाई शुद्धीत, खाटेवर बसलेली. कागद मात्र काउंटरवर नवऱ्यापुढे सरकवला जातो, तोही अनेकदा इंग्रजीत, रकाने कोरेच. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी याबाबत स्पष्ट निकाल दिला आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला संमती असताना भुलेखालच्या ४४ वर्षांच्या स्त्रीचे गर्भाशय आणि बीजांडकोश काढले गेले. बाहेर आईला विचारले होते. आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. रुग्ण सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते.

म्हणून सही झोपेचे औषध देण्याआधी, शक्यतो आदल्या दिवशी आणि रुग्णाला समजणाऱ्या भाषेतल्या कागदावरच घ्यावी. उपचाराचे स्वरूप, फायदा, मोठे धोके, पर्याय आणि नकार दिल्यास काय होईल, हे डॉक्टरांनी स्वतः सांगावे. संमतीपत्रातली ‘गरजेनुसार इतर’ ही ओळ फार घातक. तिथे कोणता अवयव, कोणत्या परिस्थितीत, हे रुग्णाकडूनच ठरवून लिहावे.

– एक भूलतज्ज्ञ, सातारा